पान तीनवरचा ताण

दुपारी पावणेचारला टेबलावरचा फोन वाजला आणि एका बाईनं विचारलं, की पान तीनवर जो ताण लिहिलाय तो कुणी दिला हे तपासणीत कळतं का. मी हॉस्पिटलची माहितीपत्रकं लिहिते. डॉक्टर जे सांगतात ते पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना कळेल अशा भाषेत उतरवायचं, एवढंच काम. प्रत्येक पत्रकाच्या मागे 'शंका असल्यास' या शब्दांखाली आमच्या तळघरातल्या खोलीचा नंबर असतो. बावीस वर्षांत त्यावर आलेले बहुतेक फोन कॅन्टीन समजून आलेले आहेत. त्यामुळे खरीखुरी शंका आली की मला आनंद होतो, आणि तो त्या दिवशीही झाला. कुठलं पत्रक, मी विचारलं. लिव्हरचं, हिरवं, ती म्हणाली. ती फार हळू बोलत होती, बहुधा तोंडाशी हात धरून. तिच्या नवऱ्याचं लिव्हर कडक होत चाललं होतं आणि सासूनं पत्रक सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. 'यकृताच्या पेशींवर वर्षानुवर्षं ताण येत राहिला की त्या जागी चट्टे पडतात.' सासूचं म्हणणं, हा ताण सुनेचा, कारण सुनेचा आवाज मोठा. सुनेचं म्हणणं, नवऱ्याच्या साहेबाचा. "रक्तात दिसत असेल ना," ती म्हणाली, "किती ताण कुणाचा ते. तुम्ही कागदावर लिहून दिलंत तर मी घरी दाखवीन." मला हसू आलं, आणि दाबता दाबता ते फोनमध्ये गेलंच. मग मी घाईघाईनं सांगितलं की हा तो ताण नव्हे, हा पेशीच्या आतला रासायनिक प्रकार आहे, त्याचा भांडणाशी संबंध नाही, आवाजाशी तर अजिबात नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही ताण का लिहिलंत?" आणि फोन ठेवून दिला.

ताण का लिहिला, हे मला चांगलं आठवत होतं. चार वर्षांपूर्वी हे पत्रक करायला आम्ही तिघं बसलो होतो, मी, आमचे विभागप्रमुख आणि लिव्हरचे डॉक्टर. पहिला तास तर नावातच गेला. यकृत हा शब्द शाळेच्या पुस्तकातून बाहेर पडल्यावर कुणी वापरत नाही, म्हणून मी काळीज सुचवलं. खाटकाकडे काळीज मागितलं तर तो बरोबर लिव्हरच कापून देतो, त्याची कधी चूक होत नाही. विभागप्रमुख म्हणाले, खाटकाचं ठीक आहे, पण माणसाचं काळीज छातीत असतं, ते धडधडतं, तुटतं, त्याला घरं पडतात, पोट दुखतंय म्हणून आलेला माणूस छातीवर हात ठेवून घरी जाईल. ते खरंच होतं. मला मात्र पुढे कितीतरी दिवस याचंच कुतूहल वाटत राहिलं, की बोलणाऱ्यांनी कधी आणि का हा अवयव बरगडीखालून उचलून छातीत नेऊन ठेवला असेल, आणि तिथे नेताना दुःखाचं सगळं सामान त्याच्यासोबत का पाठवलं असेल. शेवटी यकृत ठरलं. मग डॉक्टर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर आले. म्हणाले, लोखंड गंजतं तसं समजा. मी 'गंज' लिहिलं. विभागप्रमुखांनी चष्मा काढला आणि विचारलं, माणूस काय पत्रा आहे? शिवाय गंज म्हणजे दूध तापवायचं भांडंही, कुणीतरी चेष्टा करणार. मग कोशातला शब्द आला, ऑक्सिडीकारक ताण. तो मी दोन दिवस तोंडात घोळवला. ज्यांना चष्मा लागलाय, ज्यांचं पोट दुखतंय, जे तपासणीच्या रांगेत उभे आहेत, ते या विशेषणावर अडखळणार हे मला दिसत होतं. मी ते कापलं. मागे नुसता ताण राहिला, दोन अक्षरी, सगळ्यांच्या ओळखीचा. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. अवघड शब्द काढून टाकणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे आणि माझा गर्वही, आणि गर्वाचं घर खाली हे मी इतरांना पुष्कळदा ऐकवलं आहे.

फोन ठेवल्यावर काम होईना. ज्या गोष्टीसाठी मी शब्द दिला होता ती गोष्ट मला नीट माहीत आहे का, असं वाटायला लागलं. मी तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांकडे गेले. शेवटचा पेशंट नुकताच गेला होता आणि ते जिन्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. मी म्हटलं, पत्रकासाठी नाही, मला स्वतःला समजून घ्यायचंय, अगदी पहिलीच्या वर्गापासून सांगा. त्यांना बरं वाटलं असावं. म्हणाले, प्रत्येक पेशीत अन्न जाळायच्या बारीक बारीक भट्ट्या असतात. जाळायला ऑक्सिजन लागतो. भट्टी म्हटली की ठिणगी उडणारच. अर्धवट जळलेले, कमतरता असलेले असे काही कण सुटतात, आणि जे कमी आहे ते शेजाऱ्याकडून ओढून घेतात. मग शेजारी कमी पडतो, तो त्याच्या शेजाऱ्याकडे हात घालतो. मी विचारलं, हे वाईट आहे का? ते म्हणाले, नाही हो, हे जन्मापासून चालू आहे, तुमच्यातही आत्ता चाललंय. लिव्हरकडे या ठिणग्या विझवायचा स्वतःचा साठा असतो. साठा आणि ठिणग्या बरोबरीत असल्या की काही होत नाही. लिव्हरमध्ये चरबी साठत गेली, साखर वाढली, दारू असली किंवा विषाणू असला, की ठिणग्या जास्त आणि साठा कमी. त्यालाच स्ट्रेस म्हणतात. आणि चरबीचं काय होतं, मी विचारलं. "खवट होते," ते म्हणाले. "बरणीतलं जुनं तेल होतं ना, तेच." मी तिथेच उभी राहून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. खवट. त्याला वास आहे, तो कळायला कोश लागत नाही, आणि खवटपणाचा दोष कुणी सुनेला देत नाही. पुढचं तर मला फारच नवल वाटलं. लिव्हरमध्ये म्हणे काही पेशी नुसत्या पडून असतात, अ जीवनसत्त्वाचे थेंब पोटाशी धरून, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारी हा गोंधळ वर्षानुवर्षं चालला की त्या जाग्या होतात, जवळचे थेंब टाकून देतात आणि जखमेवर धागे विणायला घेतात. हेतू दुरुस्तीचाच. पण थांबायचं केव्हा हे त्यांना कळत नाही, धाग्यांवर धागे चढतात आणि मऊ लिव्हर कडक होतं. "काळजी करून होतं का हे?" मी शेवटी विचारलं. ते म्हणाले, काळजीनं माणूस खातो जास्त, झोपतो कमी, चालतो कमी, त्याचा परिणाम कुठल्याही आजारावर होतो. पण कुणी चार शब्द बोललं म्हणून लिव्हरला चट्टा पडत नाही. मग त्यांनी विचारलं, अप्पा कसे आहेत, मागच्या वेळचा आकडा वाढला होता, आता वजन सांभाळा आणि सहा महिन्यांनी आणा. मी हो म्हटलं आणि खाली आले.

अप्पा माझे वडील. बॉयलर तपासनीस होते, आता बारा वर्षं निवृत्त. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण लिव्हरचं दुखणं म्हटल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण खाली बघतो आणि मग समजूतदारपणे मान हलवतो, त्यामुळे त्यांनी माणसांत जाणंच सोडलं. हे दुखणं निघालं दोन वर्षांपूर्वी. त्या आधीच्या रविवारी माझी धाकटी बहीण जेवायला आली होती. तिला अप्पा लहानपणापासून टिटवी म्हणतात, कारण ती जिन्यात आहे हे दोन मजले आधी कळायचं. जेवता जेवता तिनं सांगितलं की ती नवऱ्याला सोडतेय, घर बघितलंय, पहिल्या तारखेला जाणार. अप्पा म्हणाले, मला एका शब्दानं विचारायचं होतंस. ती म्हणाली, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आवाज चढले. अप्पा भरल्या ताटावरून उठले. आठ दिवसांनी त्यांची ठरलेली तपासणी होती, तिच्यात लिव्हर कडक निघालं, आणि हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर गोळ्यांसोबत आईच्या हातात हिरवं पत्रक पडलं. आईनं ते माझ्या पत्रकांपैकी एक म्हणून कौतुकानं वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पान तीनवर ताण या शब्दाखाली निळ्या पेनाच्या दोन रेघा होत्या.

त्यानंतर आमचं घर म्हणजे वाचनालय झालं. पेपर आधी आई वाचायची आणि अपघाताची पानं काढून ठेवायची. टीव्हीचा आवाज पाचवर. दार हळू लावायचं, नातेवाइकांना फोनवर आधीच सांगायचं काय बोलायचं नाही ते. आईला मी हसत नाही. काळजाला घरं पडतात हे ती जन्मभर बोलत आली होती, आता छापील कागदावर तेच सांगितलेलं तिनं पाहिलं, तेही आपल्या लेकीच्या हातचं. टिटवी आली तेव्हा आईनं तिला दारातच अडवलं आणि पत्रक पुढे धरलं. म्हणाली, वाच, तुझ्या ताईनंच लिहिलंय. टिटवीनं वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, ताई, खरं आहे का हे? मी आईच्या मागे उभी होते, हातात भाजीची पिशवी होती. मी म्हणाले, "डॉक्टर सांगतात तेच मी लिहिते."

या वाक्यात खोटं काहीच नाही, आणि ते मी किती वेळा तपासलंय याला गणती नाही. व्याकरण शुद्ध, मजकूर खरा. फक्त तिनं जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. कापलेलं विशेषण त्या क्षणी मला आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं होतं. तो ताण हा नव्हे, एवढं बोलायला श्वासही लागला नसता. पण त्याच क्षणी मला हेही आठवलं, की लग्न न करता या घरात मी राहिले, औषधांच्या वेळा मी सांभाळते, रात्री खोकला आला की मी उठते, आणि टिटवी महिन्यातून एकदा येते तेव्हा अप्पांच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्यासाठी कधी येत नाही. एकदा तिलाही कळू दे, असं वाटलं. काय कळू दे, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. ती जिना उतरून गेली आणि पावलांचा आवाज आला नाही, तेव्हा मला थोडं समाधान वाटलं होतं. मला वाटलं होतं चारआठ दिवसांची गोष्ट आहे, मग मीच सांगीन. चारआठ दिवस गेले, मग सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलंस हेही सांगावं लागणार होतं. आईनं अप्पांना सांगितलं, तिची लांब बदली झालीय, कामात आहे. अप्पांनी एकदाही विचारलं नाही, कुठे.

त्या बाईचा फोन आला त्या दिवशी मी साडेपाचलाच घरी पोचले. आई खाली भाजी आणायला गेली होती. अप्पा बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसले होते, हातात कालचा पेपर, मधली दोन पानं नसलेला. मी चहा केला, त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, भट्ट्या, ठिणग्या, विझवायचा साठा, खवट चरबी, धागे विणणाऱ्या पेशी. दोन वर्षांत त्यांच्या आजाराबद्दल त्यांच्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. ते पुढे सरकून बसले. मध्येच थांबवून विचारायचे, साठा संपतो म्हणजे पुन्हा भरत नाही का, धागे उसवता येतात का. मी म्हटलं, लवकर सावरलं तर थोडे विरतात म्हणे. त्यांचे डोळे कामावरून आल्यावर असायचे तसे दिसत होते.

"म्हणजे गंज," ते म्हणाले.

"जवळजवळ तसंच."

"मग गंज लिहायचं होतंस. ताण कशाला लिहिलास? अगं, बॉयलर ताण सोसायलाच बांधलेला असतो. चांगला पत्रा ताणानं फुटत नाही. मी तीस वर्षांत एकही पाहिला नाही. आतून गंजलेला असला तर फुटतो, आणि मग सगळे म्हणतात, दाब कुणी वाढवला."

मी कप खाली ठेवला. आता मागे फिरता येणार नव्हतं, आणि फिरायचं नव्हतंही. मी सांगितलं की टिटवीची बदली झालेली नाही. ती इथेच आहे, बसनं चाळीस मिनिटांवर. आईनं तिला पत्रक दाखवलं, तिला वाटतंय की त्या रविवारी ती जे बोलली त्यामुळे तुमचं लिव्हर असं झालं, म्हणून ती येत नाही. अप्पांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, मी ताटावरून उठलो म्हणून ती येत नाही." आणि लगेच, "तुला हे ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, तिला फोन लाव.

मी आतल्या खोलीत जाऊन लावला. पाच वेळा वाजल्यावर तिनं उचलला आणि माझा आवाज ऐकताच विचारलं, "अप्पा?" तेवढंच. मी म्हटलं, अप्पा बरे आहेत, चहा पितायत. मग न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा शब्द निवडत बसले असते. ताण म्हणजे तुझा आवाज नव्हे, तुझं बोलणं नव्हे, ते पेशींतलं रसायन आहे, एक शब्द मी कापला म्हणून तसं वाटतं. तू काहीही केलेलं नाहीस. तिनं विचारलं, हे तुला केव्हा कळलं. मी म्हटलं, लिहिलं तेव्हाच. तू दारात उभी होतीस तेव्हाही माहीत होतं. मी नीट ऐकू यावं म्हणून फोन कानाशी दाबून धरला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती इतका वेळ किती हळू बोलत होती. मी तिला ओळखलं ते तिनं अप्पा म्हटलं म्हणून.

"दोन वर्षं मी असंच बोलतेय, ताई," ती म्हणाली. "ऑफिसात, दुकानात, सगळीकडे. कुणाला काही होऊ नये म्हणून. आईनं सांगितलं होतं म्हणून नाही विश्वास बसला. तू लिहिलं होतंस म्हणून बसला."

मी म्हटलं, माझं चुकलं. ते फार लहान वाटलं, पण त्याहून अचूक मला काही सापडलं नाही. ती म्हणाली, अप्पांना दे. मी फोन नेऊन त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. मग अप्पांचा आवाज आला, अगं पण मला एका शब्दानं विचारायचं होतंस, तो थोडा चढला, मग आणखी चढला, आणि फोनच्या त्या पिटुकल्या तुकड्यातून तिचाही आवाज भिंतीपलीकडे ऐकू यायला लागला, शब्द कळत नव्हते पण ती होती, टिटवीच होती. दोघं एकाच वेळी बोलत होते. तेवढ्यात आई दार उघडून आत आली आणि पिशवी तशीच खाली टाकून बाल्कनीकडे धावली. मी तिचा दंड धरला. "सोड," ती म्हणाली, "त्यांना ताण येतोय, दिसत नाही का तुला?" मी म्हटलं, येऊ दे. मी तिला तिथेच ओट्याशी बसवून पहिल्यापासून सांगायला घेतलं. ती मध्येच रडायला लागली. म्हणाली, मी काय मुद्दाम केलं का गं, तू लिहिलेलं, मला वाटलं अक्षर न् अक्षर बरोबर असणार. मी म्हटलं, तू काही केलं नाहीस.

अप्पांनी हाक मारली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. फोन त्यांच्या मांडीवर होता, चेहरा तांबडा झाला होता, आणि ते दमलेले होते, पण खुर्चीत नीट ताठ बसले होते. म्हणाले, रविवारी येतेय, जेवायला. आई लगेच काय करायचं ते मोजायला लागली. अप्पांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं, दोन वर्षांत प्रथमच इतकं सरळ.

"तिची एक अट आहे," ते म्हणाले. "तू घरी असायचं नाहीस. मी हो म्हटलंय."

बरं केलंत, मी म्हणाले, आणि मला खरंच तसं वाटत होतं. रडूही येत होतं. मी विचारलं, ती किती वाजता येतेय.